बिशप निकोल ओरेम : वेगाला आकृती देणारे धर्माचार्य

फ्रान्समधील लिझ्यू या गावाचे नाव घेताच बालयेशूच्या संत तेरेजेची मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. तेथील संत पेत्राच्या प्राचीन कॅथेड्रलमध्ये लहानगी तेरेजा आपल्या वडिलांचा हात धरून पवित्र मिस्सेला जात असे. तिच्या काळाच्या सुमारे ५०० वर्षे आधी याच कॅथेड्रलच्या बिशपासनावर एक असाधारण विद्वान धर्माचार्य विराजमान होते. ११ जुलै १३८२ रोजी त्यांनी लिझ्यू येथेच देह ठेवला आणि त्याच कॅथेड्रलमध्ये त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांचे नाव निकोल ओरेम.

हे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानावर आले असेल. त्यांनी मांडलेली आकृती मात्र आपल्या घराघरांत पोहोचली आहे. माध्यमिक शाळेत गती हा विषय शिकताना आपली मुले आलेख-कागदावर एक आडवी आणि एक उभी रेषा काढतात, आडव्या रेषेवर काळ मांडतात, उभ्या रेषेवर वेग मांडतात आणि मधल्या क्षेत्रफळावरून कापलेले अंतर काढतात. हा वेग-काल आलेख ज्या विचारातून जन्मला, तो विचार चौदाव्या शतकात बिशप ओरेम यांनी स्पष्ट व सुसंगत रीतीने मांडला. त्यांचे चरित्र समजून घेतले, तर मुलांना अवघड वाटणारा हा आलेख कसा वाचावा हेही बऱ्याच अंशी समजते.

गरीब विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात

ओरेम यांचा जन्म सुमारे १३२० ते १३२५ या काळात फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, बायो धर्मप्रांताच्या हद्दीत झाला. त्यांच्या बालपणाविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. मात्र १३४८ साली पॅरिसमधील नावार महाविद्यालयात ईशज्ञानाचे विद्यार्थी म्हणून त्यांची नोंद आढळते. हे महाविद्यालय राणी जोन हिने १३०५ साली दिलेल्या देणगीतून उभे राहिले होते आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथे आश्रय मिळत असे. यावरून ओरेम यांचे घराणे श्रीमंत नसावे असा अभ्यासकांचा तर्क आहे.

ते वर्षही मोठे कठीण होते. १३४८ च्या उन्हाळ्यात प्लेगची भयंकर साथ पॅरिसमध्ये शिरली आणि तिने असंख्य बळी घेतले. इंग्लंडशी चाललेले युद्ध संपण्याची चिन्हे नव्हती. मृत्यू असा दारात उभा असताना हा तरुण विद्यार्थी अभ्यासात रमला. १३५६ साली तो ईशज्ञानाचा आचार्य झाला आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी नावार महाविद्यालयाच्या प्रमुखपदी त्याची नेमणूक झाली. त्याआधी जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी, १९ सप्टेंबरला, प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचे राजे जॉन दुसरे इंग्रजांच्या हाती कैद झाले होते. देश असा निर्नायकी अवस्थेत असताना एका गरीब घरातील धर्मपंडिताने गरिबांच्या महाविद्यालयाची सूत्रे हाती घेतली.

प्रीती वाढते म्हणजे काय होते?

ओरेम यांनी काढलेल्या आकृतीचे मूळ यंत्रात किंवा धावत्या रथात नव्हते. ते होते ईशज्ञानाच्या एका प्रश्नात. बाराव्या शतकात पॅरिसचे बिशप झालेले पीटर लोंबार्ड यांचा ग्रंथ मध्ययुगातील प्रत्येक ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याला अभ्यासावा लागे. त्या ग्रंथातून एक प्रश्न पुढे आला. माणसाच्या अंतःकरणात ओतलेली प्रीती कमी-जास्त होऊ शकते काय? होत असेल, तर ती कशी वाढते?

धान्याची रास वाढते, कारण तिच्यात आणखी दाणे पडतात. भिंत वाढते, कारण तिच्यावर आणखी विटा चढतात. प्रीती मात्र रास नव्हे आणि भिंतही नव्हे. तिला लांबी नाही, रुंदी नाही, वजन नाही. तरीही कालपेक्षा आज ती अधिक उत्कट आहे असे आपण म्हणतो. या अधिकपणाचा अर्थ काय? संत थॉमस अक्वायनस यांचे मत असे, की प्रीतीत नवी प्रीती मिळवली जात नाही; असलेलीच प्रीती आत्म्यात अधिक खोल रुजते. डन्स स्कोटस यांनी याउलट अंशाअंशाने भर पडते अशी बाजू मांडली. हा वाद अनेक दशके चालला आणि त्यातून एक सर्वसाधारण प्रश्न उभा राहिला. ज्या गोष्टीला स्वतःची लांबी नाही, पण जी कमी-अधिक तीव्र होते, तिची तीव्रता कशी मांडावी?

उष्णता अशीच असते, प्रकाश असाच असतो आणि वेगही असाच असतो. चालणाऱ्या माणसाने कापलेले अंतर आपण दोरीने मोजू शकतो, पण एखाद्या क्षणी त्याचा असलेला वेग दोरीने मोजता येत नाही. वेग ही गतीची तीव्रता आहे, हे त्या काळच्या पंडितांनी ओळखले. ईशज्ञानातील प्रश्नाने अशा रीतीने भौतिकशास्त्राचे दार उघडले.

ऑक्सफर्डमधील सिद्धान्त आणि ओरेम यांची आकृती

या दारातून प्रथम आत शिरले ते इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील मर्टन महाविद्यालयाशी संबंधित विद्वान. थॉमस ब्रॅडवर्डीन, विल्यम हेट्सबरी, रिचर्ड स्वाइन्सहेड आणि जॉन डंबल्टन ही त्यांतील प्रमुख नावे. ब्रॅडवर्डीन पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले आणि १३४९ साली प्लेगने त्यांचा अंत झाला. या मंडळींनी १३३० व १३४० च्या दशकांत एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. एखाद्या वस्तूचा वेग समप्रमाणात वाढत असेल, तर ती ठरावीक काळात जेवढे अंतर कापते, तेवढेच अंतर दुसरी वस्तू त्याच काळात कापते, जर तिचा वेग पहिल्या वस्तूच्या मध्यक्षणीच्या वेगाइतका आणि सतत सारखा असेल.

सिद्धान्त खरा होता, पण तो शब्दांत आणि गुंतागुंतीच्या युक्तिवादात अडकला होता. वाचणाऱ्याला तो पटण्याआधी दमवून टाकी. इटलीतील फ्रान्सिस्कन संघीय जोवान्नी दी कासाली यांनी याच सुमारास आकृतीचा उपयोग करून पाहिला होता. ओरेम यांनी १३५० च्या दशकात गुणांच्या व गतींच्या आकृतिबंधांवर एक संपूर्ण लॅटिन ग्रंथच लिहिला आणि या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले.

त्यांची रीत अशी. प्रथम एक आडवी रेषा काढावी. ती रेषा म्हणजे गतीचा काळ. या रेषेवरील प्रत्येक बिंदू म्हणजे एक क्षण. मग प्रत्येक क्षणापाशी एक उभी रेषा उभारावी. त्या क्षणी वेग जेवढा तीव्र, तेवढी ती रेषा उंच. अशा सर्व उभ्या रेषांची टोके जोडली, की एक आकृती तयार होते आणि ती आकृती त्या गतीचा स्वभाव सांगते. वेग सदैव सारखा असेल, तर सर्व उभ्या रेषा सारख्या उंचीच्या होतात आणि आयत तयार होतो. वस्तू स्थिर अवस्थेतून निघून तिचा वेग समप्रमाणात वाढत गेला, तर काटकोन त्रिकोण तयार होतो. आरंभीच थोडा वेग असून तो समप्रमाणात वाढत गेला, तर समलंब चौकोन मिळतो. आणि या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या काळात कापलेले एकूण अंतर.

आता मर्टनचा सिद्धान्त एका दृष्टिक्षेपात पटतो. त्रिकोणाच्या मध्यावरील उंचीइतका आयत काढावा. आयताच्या वर त्रिकोणाचा एक छोटा तुकडा शिल्लक राहतो आणि आयताच्या आत तेवढीच त्रिकोणी जागा रिकामी दिसते. वरचा तुकडा त्या रिकाम्या जागेत चपखल बसतो. दोन्ही क्षेत्रफळे सारखी, म्हणून दोन्ही अंतरे सारखी. शब्दांचे जंजाळ संपले आणि सत्य डोळ्यांना दिसू लागले.

आलेख वाचण्याची शिस्त

येथे आपल्या रोजच्या अनुभवातील एक उदाहरण घेऊ. समजा, एका उपनगरी स्थानकावर एक लोकलगाडी उभी आहे. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी न थांबता सेकंदाला १० मीटर या कायम वेगाने पुढे जात आहे. ती आपल्या गाडीच्या अगदी बरोबरीला आली त्याच क्षणी आपली गाडी सुटली आणि ४० सेकंदांत तिने समप्रमाणात वेग वाढवत सेकंदाला २० मीटर हा वेग गाठला. दोन्ही गाड्यांचे वेग-काल आलेख एकाच कागदावर काढले, तर पहिल्या गाडीची रेषा आडवी येईल आणि आपल्या गाडीची रेषा शून्यापासून वर चढत जाईल. विसाव्या सेकंदाला या दोन रेषा एकमेकींना छेदतील.

अनेक विद्यार्थी येथे चटकन उत्तर देतात, की विसाव्या सेकंदाला आपल्या गाडीने दुसरीला गाठले. हे उत्तर चूक आहे. त्या क्षणी दोघींचे वेग सारखे झाले आहेत, त्यांची ठिकाणे नव्हेत. विसाव्या सेकंदापर्यंत पहिली गाडी २०० मीटर गेली आहे आणि आपली गाडी केवळ १०० मीटर. आपण अद्याप १०० मीटर मागे आहोत. पुढच्या २० सेकंदांत पहिली गाडी आणखी २०० मीटर जाते आणि आपली गाडी ३०० मीटर. दोन्ही गाड्या ४०० मीटरवर, म्हणजे चाळिसाव्या सेकंदाला, बरोबरीला येतात. पहिल्या अर्ध्यात पडलेली तूट दुसऱ्या अर्ध्यात नेमकी भरून निघते. ओरेम यांच्या आकृतीतील दोन छोटे त्रिकोण हेच सांगतात. आपल्या गाडीने पहिल्या अर्ध्या काळात कापलेले अंतर आणि दुसऱ्या अर्ध्या काळात कापलेले अंतर यांचे प्रमाण १:३ येते. हे प्रमाण ऑक्सफर्डच्या विद्वानांनाही ठाऊक होते.

विद्यार्थ्यांची चूक होते, कारण ते आलेखाकडे रस्त्याचे चित्र म्हणून पाहतात. रेषा वर गेली की गाडी चढावर गेली, रेषा खाली आली की गाडी माघारी फिरली, रेषा आडवी झाली की गाडी थांबली, असे त्यांना वाटते. वेग-काल आलेखात खाली येणारी रेषा केवळ वेग कमी होत असल्याचे सांगते. रेषा शून्याच्या वर आहे तोवर गाडी पुढेच जात असते. आडवी रेषा गाडी थांबल्याचे नव्हे, तर ती एकाच वेगाने धावत असल्याचे दाखवते. अंतर-काल आलेखात मात्र तीच आडवी रेषा गाडी उभी असल्याची खूण ठरते. अंतर-काल आलेखात रेषेचा चढ वेग सांगतो. वेग-काल आलेखात रेषेचा चढ त्वरण सांगतो आणि रेषेखालचे क्षेत्रफळ अंतर सांगते. म्हणून आलेख हाती येताच प्रथम एकच प्रश्न विचारावा : येथे उंची कशाची आहे?

ओरेम यांनी हीच शिस्त घालून दिली होती. त्यांच्या आकृतीतील उंची ही डोंगराची किंवा मार्गाची उंची नव्हती. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या तीव्रतेसाठी घेतलेली खूण होती. प्रीतीला उंची नसते, उष्णतेला नसते आणि वेगालाही नसते. आपण समजून घेण्यासाठी ती उंची कल्पनेने देतो. कल्पनेने दिलेली खूण आणि प्रत्यक्ष वस्तू यांतील भेद ज्याने ओळखला, त्याला आलेख वाचता आला असे समजावे.

न संपणारा मनोरा

या आकृत्यांच्या साहाय्याने ओरेम आपल्या काळाच्या कितीतरी पुढे गेले. त्यांनी अशा एका गतीची कल्पना केली, की पहिल्या अर्ध्या तासात वेग एकपट, त्यानंतरच्या पाव तासात दुप्पट, त्यानंतरच्या अर्ध्या पाव तासात तिप्पट आणि याच क्रमाने पुढे. तास संपत येईल तसा वेग कोणतीही मर्यादा ओलांडून वाढत जातो. अशी वस्तू एका तासात अमर्याद अंतर कापील असे कुणालाही वाटेल. ओरेम यांनी दाखवले, की ती पहिल्या अर्ध्या तासात कापलेल्या अंतराच्या केवळ चौपट अंतर कापते.

याची उपपत्ती सोपी आहे. आकृतीचे आडवे थर करून पाहावे. सर्वांत खालचा थर पूर्ण तासाच्या रुंदीचा, त्यावरचा थर अर्ध्या तासाच्या रुंदीचा, त्यावरचा पाव तासाचा. प्रत्येक थराची उंची सारखी, पण रुंदी निम्मी निम्मी होत जाते. एक, अर्धा, पाव, अर्धपाव अशी बेरीज कितीही लांबवली तरी ती दोनच्या पलीकडे जात नाही. पहिल्या अर्ध्या तासाचा वाटा अर्धा आणि एकूण बेरीज दोन, म्हणून चौपट. उंचीला अंत नसलेला हा मनोरा मर्यादित क्षेत्रफळात मावतो. नेमक्या उलट प्रकारचा एक शोधही त्यांच्याच नावावर आहे. एक, अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशा कमी कमी होत जाणाऱ्या अपूर्णांकांची बेरीज मात्र कोणतीही मर्यादा ओलांडून जाते, हे त्यांनी सिद्ध केले.

राजा, नाणे आणि परमगुरू

ओरेम केवळ अभ्यासिकेत रमणारे पंडित नव्हते. युद्धाच्या खर्चासाठी फ्रान्सचे राजे नाण्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण वारंवार कमी करीत होते. नाण्यावरचा छाप तोच राही, पण त्याचे मोल घसरे आणि त्याचा भार कष्टकरी व व्यापारी यांच्यावर पडे. ओरेम यांनी नाण्यांविषयी एक प्रबंध लिहून ठामपणे सांगितले, की नाणे राजाच्या मालकीचे नसून ते वापरणाऱ्या समाजाचे आहे आणि त्यात गुपचूप भेसळ करून नफा मिळवणे हा अन्याय आहे. खूण एक आणि तिच्यामागील वस्तू वेगळी, असे होता कामा नये, हा त्यांचा आग्रह गणितात होता तसाच राज्यकारभारातही होता.

अशा स्पष्टवक्त्या माणसाला राजघराण्याने दूर लोटले नाही. राजपुत्र चार्ल्स यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. १३६० साली कर्ज उभारण्याच्या नाजूक कामासाठी त्यांना रूआँ शहरी पाठवण्यात आले. १३६२ साली ते रूआँ कॅथेड्रलच्या धर्मगुरुमंडळाचे सदस्य झाले आणि १३६४ साली त्या कॅथेड्रलचे डीन. १३६३ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला अविन्यों येथे पोप उर्बन पाचवे व कार्डिनल मंडळ यांच्यासमोर त्यांनी प्रवचन केले. त्या प्रवचनात त्यांनी ख्रिस्तसभेच्या वरिष्ठांमधील लोभ व अनाचार यांवर निर्भयपणे बोट ठेवले. राजासमोर आणि परमगुरूंसमोर त्यांची भाषा एकच राहिली.

१३६४ साली चार्ल्स पाचवे गादीवर आले. त्यांना ग्रंथांची मोठी आवड होती. त्यांच्या इच्छेनुसार ओरेम यांनी ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र, राज्यशास्त्र आणि आकाशाविषयीचा ग्रंथ लॅटिनमधून फ्रेंच भाषेत आणले व त्यांवर भाष्य लिहिले. विद्येची भाषा लॅटिनच असे मानण्याच्या त्या काळात लोकभाषेत शास्त्र सांगण्यासाठी त्यांना अनेक नवे शब्द घडवावे लागले. राजांना ज्योतिषाचाही नाद होता. ओरेम यांनी दरबारी ज्योतिषांविरुद्ध लेखणी चालवली. ग्रहांच्या गतींची परस्परांशी असलेली प्रमाणे बहुधा पूर्णांकांत बसणारी नसावीत, त्यामुळे आकाशातील एखादी स्थिती तंतोतंत पुन्हा येईल असे धरून चालता येत नाही आणि तिच्यावर आधारलेले भाकीतही टिकत नाही, असा त्यांचा गणिती युक्तिवाद होता.

पृथ्वी फिरते काय?

१३७७ साली पूर्ण केलेल्या आकाशविषयक ग्रंथात त्यांनी एक धाडसी प्रश्न हाताळला. आकाश रोज पृथ्वीभोवती फिरते, की पृथ्वीच स्वतःभोवती फिरते? पाण्यावरून जाणाऱ्या जहाजाचा दाखला त्यांनी दिला. जहाजातील माणसाने आपला हात डोलकाठीलगत वरून खाली आणला, तर त्याला तो हात सरळ खाली आल्यासारखाच दिसतो. जहाजाबरोबर हात पुढेही गेला हे त्याला जाणवत नाही. त्याचप्रमाणे सरळ वर सोडलेला बाण पृथ्वीच्या गतीत सहभागी असेल, तर तो मागे न पडता त्याच जागी परत येईल. बायबलमधील सूर्याच्या गतीविषयीचे उल्लेख सामान्य माणसाच्या बोलण्याच्या रीतीने केलेले असू शकतात, हेही त्यांनी नमूद केले. अनुभवाच्या किंवा तर्काच्या बळावर पृथ्वी स्थिर असल्याचे सिद्ध करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

एवढे सांगून झाल्यावर मात्र ते ९३ व्या स्तोत्राचा आधार घेऊन पृथ्वी स्थिर आहे या परंपरागत मतावरच थांबले. आज आपण जाणतो, की पृथ्वी फिरते आणि त्यांचा शेवटचा निर्णय चुकला. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. आपला तर्क कोठपर्यंत पोहोचला आणि कोठून पुढे आपण परंपरेवर विसंबलो, हे त्यांनी वाचकापासून लपवले नाही. गतीच्या आकृत्यांबाबतही त्यांची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांनी घड्याळ लावून कोणतीही वस्तू धावताना मोजली नाही. मीटर, सेकंद असे अंक त्यांच्या रेषांवर नव्हते. खाली पडणारा दगड हे समप्रमाणात वाढणाऱ्या वेगाचे उदाहरण आहे, हेही त्यांनी या आकृत्यांतून दाखवले नाही. त्यांचे कार्य विचाराची चौकट घडवण्याचे होते.

लिझ्यूचे बिशप आणि त्यांचा वारसा

३ ऑगस्ट १३७७ रोजी लिझ्यूच्या बिशपपदासाठी ओरेम यांची निवड झाली आणि जानेवारी १३७८ मध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. १३८० साली चार्ल्स राजांचे निधन झाले. त्यानंतरची अखेरची दोन वर्षे ओरेम यांनी मुख्यतः आपल्या धर्मप्रांतात व्यतीत केली, असे मानले जाते.

त्यांच्या विचारांचा प्रवाह मात्र थांबला नाही. त्यांच्या आकृत्यांचे सार सांगणारी एक छोटी पुस्तिका १४८० च्या दशकात इटलीतील पादुआ शहरी छापली गेली. सोळाव्या शतकात स्पेनमधील डोमिनिकन संघीय दोमिंगो दे सोतो यांनी खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग समप्रमाणात वाढतो असे लिहून या गणिताला निसर्गाशी जोडले. १६३८ साली गॅलिलिओ यांचा गतिविषयक महान ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातही समप्रमाणात वाढणाऱ्या वेगाचा सिद्धान्त त्रिकोण व आयत यांच्या आकृतीनेच सिद्ध केलेला आहे. ओरेम यांचा ग्रंथ गॅलिलिओ यांनी स्वतः वाचला होता असे ठामपणे म्हणता येत नाही. पण मधल्या काळात हा विचार युरोपच्या विद्यापीठांत रुजला होता. गॅलिलिओ यांनी त्यात जे घातले ते अनमोल होते. उतरत्या फळीवरून गोळा सोडून आणि पाण्याच्या धारेने काळ मोजून त्यांनी कागदावरची आकृती निसर्गात खरी ठरते हे दाखवले. एकाने खूण घडवली आणि दुसऱ्याने ती निसर्गावर पारखली. विज्ञानाला दोघांचीही गरज होती.

पुढे ओरेम यांचे नाव विस्मृतीत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर द्युएम यांनी जुनी हस्तलिखिते वाचून त्यांना पुन्हा प्रकाशात आणले आणि १९६८ साली अमेरिकन इतिहासकार मार्शल क्लॅगेट यांनी त्यांचा आकृतिविषयक ग्रंथ भाषांतरासह प्रसिद्ध केला. मध्ययुग म्हणजे निव्वळ अंधार हा समज बाळगणाऱ्यांना या ग्रंथाने विचार करायला लावले.

आपल्या घरात एखादे मूल वेग-काल आलेखासमोर गोंधळून बसले असेल, तर त्याला बिशप ओरेम यांची गोष्ट अवश्य सांगावी. रेषांची सूत्रे पाठ करण्यापूर्वी, ही उंची कशाची आहे आणि ही लांबी कशाची आहे, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे. त्याचबरोबर हेही सांगावे, की या आकृतीची सुरुवात माणसाच्या हृदयातील प्रीती कशी वाढते या प्रश्नातून झाली. त्या आकृतीत उंचीइतकीच लांबीही मोलाची असते. क्षणभर उसळून शांत होणारी रेषा कितीही उंच गेली, तरी तिच्याखाली फारसे क्षेत्रफळ साठत नाही; मंद पण अखंड चाललेली रेषा शेवटी अधिक अंतर कापून जाते. लिझ्यूच्या त्या कॅथेड्रलमध्ये पुढे गुडघे टेकणाऱ्या लहानग्या तेरेजेने नित्याच्या छोट्या छोट्या कृतींतून हीच वाट चालून दाखवली.